आधी माझी छाती

जुन्नरमध्ये मी खोली शोधत फिरत होते तेव्हा दारोदार एकच प्रश्न यायचा, "आडनाव काय तुमचं?" आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी वैतागून लेण्याद्रीच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथवर गेले. एका कौलारू घराच्या अंगणात एक म्हातारा झाडाच्या साली वाळत घालत बसला होता. "बाबा, खोली मिळेल का?" म्हटलं. तो उठला, हात धोतराला पुसले आणि काही न विचारता माझं मनगट धरून डोळे मिटले. मी हात हिसकणार, तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "धरू द्या बाई. त्येंना भ्या वाटतं."

"बरी हाय," म्हणत त्यानं मनगट सोडलं. "घरात कुनाला छातीचं दुखनं?"

"वडिलांना. गेल्या वर्षी अ‍ॅटॅक येऊन गेलाय."

"मंग खोली न्हाई."

मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "कमाल आहे! गावाला माझं आडनाव नको, आणि तुम्हाला माझे वडील नकोत!"

म्हातारा अगदी कळवळला. "तसं न्हाई गं पोरी. छातीवालं मानूस भिंतीपल्याड निजलं, तर मला झोप न्हाई यायची."

आतली बाई पदराला हात पुसत बाहेर आली. "तशी तरी कुठं येती तुमाला?" असं त्याला म्हणून माझ्याकडं वळली, "सामान आना तुमी." अशी मला खोली मिळाली.

हे नव्वदच्या दशकातलं. मी आपटाळ्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागले होते. आई आधीच गेलेली, लग्न व्हायचं होतं, घरात मी आणि अण्णा दोघंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. नारायणगाव डेपोला सगळा जन्म काढून आमच्या अवसरी बुद्रुकला येऊन बसले आणि बसल्या बसल्या छातीनं दगा दिला. त्यांना एकट्याला गावी ठेवायची मला हिंमत होईना. शाळेत फळ्याकडं तोंड केलं की मनात यायचं, आता या क्षणाला ते पडले असतील तर? सरळ सांगते, ती सगळी वर्षं मी भीत भीतच काढली. त्यामुळं आमचे घरमालक मला इतरांपेक्षा लवकर कळले असावेत.

आम्ही त्यांना वैद्यबाबा म्हणायचो. गाव म्हणायचं भित्रा वैद्य. मूळचे ते पश्चिमेकडच्या डोंगरातले, भात-नाचणीवाल्या घरातले. तरुणपणी एका म्हाताऱ्या वैद्याच्या हाताखाली राहून झाडपाला शिकलेले. नाव होतं छातीच्या दुखण्यासाठी. पण औषध मिळणं महाकठीण. कुणी आला की नाडी बघायचे, घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, "नारायणगावला जाऊन आधी पट्टी काढून आन." पट्टी म्हणजे कार्डिओग्राम. पट्टी आणली तरी लगेच औषध नाही. आधी ते स्वतः घेणार. रोग्याला जितके दिवस द्यायचं तितके दिवस, तेवढ्याच मात्रेनं. "आधी माझी छाती, मग तुझी," हे त्यांचं पेटंट वाक्य. कुणी घाई केली तर म्हणायचे, "न भिनारा वैद्य यमाचा सख्खा भाऊ. जा त्येच्याकडं."

औषधाचं एक वेळ ठीक. पण पथ्याचंही तसंच. रोग्याला तिखट बंद केलं की यांनाही बंद. कुणाला तेल बंद, कुणाला भात बंद. एका वेळी दोन-तीन रोगी असले की म्हाताऱ्याच्या ताटात काय पडायचं ते देवच जाणे. मावशी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढं बसायच्या आधी रोज ओरडून विचारायची, "आज कुनाकुनाचं पथ्य हाय वो?" आणि मला म्हणायची, "बाई, ह्येंच्याशी लगीन केलं आन सगळ्या तालुक्याची दुखनी माझ्या चुलीवर आली." हसायची, पण करायची सगळं.

भीतीचे त्यांचे सगळे नमुने सांगायचे तर दिवस पुरणार नाही. बिट्टीचा सांगते. पिवळ्या कण्हेरीला आमच्याकडं बिट्टी म्हणतात, तिच्या बिया पोरं खेळायला घेतात. वैद्यबाबा त्या झाडाच्या सावलीतूनसुद्धा जायचे नाहीत. रस्त्यात बिट्टी आली की पलीकडच्या अंगानं चालायचे. एकदा बोरांची पिशवी घेऊन थेट माझ्या शाळेत हजर! सगळ्या पोरांना ओळीनं उभं केलं, खिसे उलटे करायला लावले, आणि ज्याच्या खिशात बिट्टीची बी निघेल त्याला बीच्या बदल्यात मूठभर बोरं. दुसऱ्या दिवशी बोरांच्या आशेनं दुप्पट बिया आल्या. हेडमास्तर माझ्यावर तडकले, "बाई, हा काय बाजार मांडलाय?" मी वैद्यबाबांना म्हटलं, "अहो, एवढं काय त्या बीचं?" ते म्हणाले, "ती बी पोटात गेली की छातीला घोर लावती पोरी. घोड्यावानी पळवती, मंग मधीच लगाम वढती." आणि तसं सांगताना त्यांचा स्वतःचा हात छातीवर गेला होता. मी त्याच आठवड्यात शाळेच्या कुंपणातली बिट्टी तोडायला लावली.

आणि तोच माणूस बिबट्याला भ्यायचा नाही. पुढं बिबटे उसात आले, दिवेलागणीला लोक दारं लावून घ्यायला लागले, तरी हे एकटे काठी टेकत डोंगराकडं जायचे. मी म्हटलं, "बाबा, जपून." तर म्हणाले, "बिबट्या समोर आला तर बिबट्याच दिसतो. झाडाचं तसं न्हाई. दिसतं एक आन निघतं एक."

हे त्यांचं भय मला त्यांनी एका सकाळी नीट दाखवलं. छातीला देतात ती अर्जुनाची साल. अर्जुन नदीकाठचा, पांढुरक्या गुळगुळीत सालीचा. त्याचाच भाऊबंद ऐन, तो डोंगरात, काळ्या भेगाळलेल्या सालीचा. झाडावर आंधळासुद्धा ओळखेल. पण वाळवून कुटून पूड केली की ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून बाजारातली पूड ते हातात धरायचे नाहीत. वर प्रत्येक सालीचा तुकडा जाळून राख बघायचे. राखेचा रंग, चिमटीत घासून तिची चव, तिच्यावर लिंबू पिळून फेस. "झाडानं जमिनीतनं काय खाल्लं, ते राखंत उरतं," म्हणायचे. "ही ऐनाची बघ. निसता चुना. आमच्या डोंगरात चुना मिळायचा न्हाई, तवा म्हातारी मानसं पानाला हीच राख लावायची." मी विज्ञान शिकवणारी बाई, मला ते बघायला आवडायचं. कॅल्शियम, पोटॅशियम ही नावं मी सांगायचे. ते मान हलवायचे आणि पुन्हा चुना आणि खारच म्हणायचे.

अण्णांना आणलं तेव्हा वैद्यबाबा दोन दिवस आमच्या खोलीकडं फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. "ड्रायवर, हात बघू."

अण्णांनी हात पुढं केला. "बघा की. इंजिन जुनं हाय, पन आवाज येत न्हाई."

त्यानंतर रोज सकाळी माझी शाळेची घाई चाललेली असताना हे दृश्य ठरलेलं. दोघं ओट्यावर, एकाच्या हातात दुसऱ्याचं मनगट. वैद्यबाबांची एक सवय होती, नाडी बघताना प्रत्येक ठोक्याला ते पुटपुटायचे, "हाय... हाय... हाय..." म्हणजे, आहे. अण्णा वैतागून म्हणायचे, "आवं, कंडक्टरसारखं काय बोलताय? हाय ते म्हाईत हाय मला." पण वैद्यबाबांचा चेहरा हसायचा नाही. मी चपला घालता घालता ते "हाय" ऐकून घ्यायचे आणि मगच घराबाहेर पडायचे.

अण्णांना नारायणगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. पायाला सूज होती, लघवीच्या गोळ्या होत्या, आणखी दोन-तीन होत्या. वैद्यबाबांनी त्यातली एकही बंद करू दिली नाही. "त्या त्येंच्या. त्येंना हात लावायचा न्हाई." आपली फक्त अर्जुनाची साल दुधात उकळून द्यायची ठरवली. पण साल काढायची म्हणजे झाडाला आदल्या दिवशी आमंत्रण. तांदूळ, सुपारी, हळदीकुंकू घेऊन कुकडी नदीच्या काठी जायचं आणि झाडाला सांगायचं की उद्या येतो, अमक्याच्या छातीसाठी. न सांगता काढलेली साल म्हणे माणसाशी बोलत नाही.

अण्णांनी हे ऐकलं आणि ओट्यावर मांडीवर थाप मारून हसले. "झाडाला काय पत्रिका पाठवायची व्हय? वैद्यबुवा, आमच्या बापानं कुंकू-सुपारी सोडली, आमी काय पुन्हा धरनार न्हाई. माझ्या नावानं ते नको."

वैद्यबाबांची पंचाईत झाली. अर्धा दिवस अंगणात फेऱ्या घालत होते. मावशी म्हणाली, "आवं, पानी तर पाजा झाडाला. पान्याला काय जात हाय?" ते त्यांना पटलं. अण्णांना सोबत घेऊन गेले, अण्णांनी स्वतःच्या हातानं झाडाच्या बुंध्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि आपल्या पद्धतीनं म्हणाले, "नमस्कार बाबा. उद्या जरा साल घेतो तुझी." परत येताना दोघं शाळकरी पोरांसारखे खुशीत होते. नंतर ती दुधातली साल आधी वैद्यबाबांनी प्यायली, पुष्कळ दिवस प्यायली, तेव्हा कुठं अण्णांच्या नशिबी आली.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण मीठ आडवं आलं.

डॉक्टरांनी अण्णांना मीठ बंद केलं होतं. सूज, पाणी साचतं, वगैरे. वैद्यबाबांचंही तेच मत. आणि अण्णांना बंद म्हणजे म्हाताऱ्यालाही बंद. दोघं समोरासमोर बसून अळणी पिठलं खायचे आणि एकमेकांकडं दुःखानं बघायचे. अण्णा म्हणजे ज्यानं आयुष्यभर डब्यात खरडा आणि सुकट नेली असा माणूस. ते सुकायला लागले. ताट सरकवून द्यायचे. "ह्यापरीस ब्रेक फेल झालेला बरा," असं एकदा म्हणाले आणि मी मोरीत जाऊन रडले. वैद्यबाबांनी ते ऐकलं असणार.

त्यानंतर काही दिवसांनी अंगणात आघाड्याच्या वाळलेल्या झुडपांचा ढीग पेटलेला दिसला. आघाड्याची राख पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, ते पाणी कढईत आटवायचं. तळाला पांढरा खार उरतो. सुजेवर तो जुना उपाय, पापडातही लोक असला खार घालतात. खारट असतो, किंचित कडसर, जिभेला चुणचुणतो. "हे मीठ न्हाई," वैद्यबाबा म्हणाले, "मीठ समिंदराचं. हे झाडाचं. सूजबी उतरंल आन तोंडालाबी चव येईल." अर्थात आधी त्यांची छाती. पंधरवडाभर त्यांनी तो खार भाकरीवर घालून खाल्ला. रोज स्वतःची नाडी बघितली. रोज "हाय, हाय." काही झालं नाही. मी स्वतः बघत होते, माझी खात्री पटली. मग एका मडक्यात घालून त्यांनी तो अण्णांना दिला, चिमूटभर घ्यायचा असं बजावून.

अण्णांना जणू पेन्शन मिळाली. पहिल्या दिवशी भाकरी-पिठल्यावर तो खार भुरभुरून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आयला वैद्यबुवा, मानूस केलंत मला." हळूहळू एका चिमटीच्या चार चिमटी झाल्या, चार चिमटींची मूठ. ड्रायव्हर माणूस, हात मोकळा. आणि झाडाचंच आहे म्हटल्यावर मोजायचं कशाला?

तो दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीतला, म्हणून मी घरी होते. सकाळी चहा ठेवला होता. ओट्यावर नेहमीचं चालू झालं. "हाय... हाय..." मी दूध ओतत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं की पुढचा "हाय" आलाच नाही. बाहेर धावले. वैद्यबाबांचा चेहरा राखेसारखा. मग आला. "हाय." मग पुन्हा काही नाही. अण्णा भिंतीला टेकले होते, ओठ सुकलेले, म्हणत होते, "काय न्हाई गं, हातापायातली ताकदच गेली सगळी. क्लच दाबंना झालाय."

शेजारच्या जीपवाल्याला हाका मारून आणलं. निघताना वैद्यबाबा आत पळाले आणि परत आले ते ते मडकं घेऊन. मला तेव्हा काही सुचत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. मागच्या सीटवर अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर, मनगट वैद्यबाबांच्या हातात. रस्ताभर ते म्हणत होते, "हाय... हाय..." आणि मधली शांतता लांबत चालली होती. नारायणगावच्या अलीकडं टोमॅटोच्या पिकअप गाड्या लागलेल्या, क्रेटवर क्रेट, रस्ता ठप्प. जीपवाला हॉर्न वाजवून शिव्या देत होता. मी वैद्यबाबांच्या ओठांकडं बघत होते. जगात दुसरं काही नव्हतंच. ते ओठ हलले की माझा श्वास सुटायचा, थांबले की अडकायचा. एकदा इतका वेळ थांबले की मी किंचाळले, "म्हणा ना!" त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ते म्हणाले, "हाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी काढली, ती बघितली आणि आमच्याकडं वळून ओरडले, "गोळ्यांशिवाय काय देत होतात? काय खाल्लं यांनी?"

तिथं रोगी होते, नातेवाईक होते, जुन्नरचे ओळखीचे दोघं होते. वैद्यबाबांना गप्प बसता आलं असतं. अण्णा बोलण्याच्या स्थितीत नव्हते आणि मला त्या खाराची आठवणही झाली नसती. पण त्यांनी लगेच मडकं पुढं केलं.  "म्या दिला. आघाड्याचा खार. म्या, दुसरं कुनी न्हाई."

डॉक्टर त्यांना जे काही बोलले ते मी इथं लिहीत नाही. बोलता बोलताच त्यांचे हात कामाला लागले होते. आम्हाला बाहेर काढलं. वैद्यबाबा पायरीवर बसले, मी भिंतीला धरून उभी. लोक कुजबुजत होते, "भित्रा वैद्य हाच का? चांगलंच मारलं की मानूस." म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वाचले," म्हणाले. मी तिथंच खाली बसले. त्यांनी मला समजावून सांगितलं. खारात भरपूर पोटॅशियम. अण्णांच्या गोळ्यांपैकी एक गोळी अशी की ती शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. आत अडलेलं, वरून मूठमूठ घातलेलं. छातीचा ठोकाच थांबत चालला होता. आणखी थोडा उशीर झाला असता, आणि काय खाल्लं ते कळायला वेळ गेला असता, तर काही खरं नव्हतं.

वैद्यबाबा उठून उभे राहिले. "पन डाक्टर, त्योच खार म्या खाल्ला की. इतके दिस खाल्ला. माझ्या छातीला काय न्हाई झालं."

"तुम्ही त्यांच्या गोळ्या कुठं खात होतात, बाबा?" डॉक्टर म्हणाले. आता ते रागावलेले नव्हते.

 मी त्या दिवशी त्यांचं जे तोंड बघितलं ते पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. सगळ्या जन्माचा एकच नेम होता त्यांच्याकडं, एकच काठी, आणि ती मधोमध मोडली होती. मग त्यांनी विचारलं, "आन तुमी काय टोचलं?"

"आधी कॅल्शियम."

"म्हंजी चुना?"

"तसंच म्हणा."

"खाराला चुना," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा पायरीवर बसले.

अण्णा घरी आले तेव्हा अंगणात कढई पालथी पडलेली, वाळत घातलेल्या साली गायब. मावशी म्हणाली, सगळं नेऊन उकिरड्यात पुरलं. चार दिवसांनी मी शेंगा निवडत बसले होते, तर ओट्यावर वैद्यबाबा अण्णांची गोळ्यांची पट्टी हातात घेऊन. एक गोळी सोडवून त्यांनी तळहातावर घेतली होती आणि तिच्याकडं टक लावून बघत होते.  मला कळलं ते काय करणार आहेत. अर्धंच औषध चाखलं, म्हणून चुकलं. आता उरलेलं अर्धं चाखायचं.

मी उठायच्या आत अण्णांनी आतून येऊन त्यांचं मनगट पकडलं. "काय चाललंय वैद्यबुवा?"

"बघू तर दे, काय हाय ह्येच्यात."

"एका ओट्यावर एकच फेल गाडी बास झाली." अण्णांनी ती गोळी त्यांच्या तळहातावरून उचलली आणि बिनपाण्याची गिळून टाकली. मग मनगट न सोडता तसेच बसले. "तुमची पन तर बघू. हाय... हाय... चालू हाय की राव. मंग भिता कशाला?"

"तुला मारलं असतं म्या."

"आन दवाखान्यात आनलं कुनी? मडकं दावलं कुनी?" अण्णा म्हणाले. "सोडा आता."

वैद्यबाबांनी मनातून नाही सोडलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही कसलंच औषध दिलं नाही, साधा आल्याचा काढासुद्धा नाही. लोक यायचे, ते नाडी बघायचे आणि लगेच जीप बोलवायचे. स्वतः जीपमध्ये बसून सोबत जायचे, "हाय, हाय" म्हणत. गाव टिंगल करायचं, "वैद्य गेला आन हमाल झाला." पण छातीत कळ आली की त्याच गावातला माणूस आधी त्यांच्याच अंगणात यायचा.

औषध सुटलं, पथ्य मात्र राहिलं. अण्णांना मीठ जन्मभर बंद, म्हणजे यांनाही जन्मभर बंद. माझं लग्न झालं, मी बदली होऊन मंचरजवळ आले, अण्णा तिथून जवळच, पुन्हा अवसरीला राहायला गेले, दोन हजार सालही मागं पडलं, घरात फोन आला. तरी लग्नकार्यात पंगतीला बसले की वैद्यबाबा वाढप्याला म्हणायचे, "मीठ नगं. आमचं एक पथ्य चालू हाय, अवसरीला." मावशी गेली तेव्हा तिच्या दिवसांच्या जेवणातही त्यांनी अळणीच खाल्लं. महिन्यातून एकदा जीप बदलत बदलत ते अण्णांची नाडी बघायला यायचे. दोघं म्हातारे ओट्यावर बसायचे. एक म्हणायचा "हाय," आणि दुसरा म्हणायचा, "कंडक्टर, घंटी मारा आता."

अण्णा गेले ते झोपेत. डॉक्टरांनी दिली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं काढून गेले. फोन केला तसे वैद्यबाबा आले, अण्णांच्या शेजारी बसले, सवयीनं मनगट हातात घेतलं.  ओठ हलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी तो हात अलगद चादरीवर ठेवला आणि चादर नीट केली.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाला ते पुन्हा आले. वंदना झाली, पंचशील झालं, ते एका बाजूला हात जोडून बसून होते. मग आमच्या वस्तीत, आमच्या लोकांच्या पंगतीत येऊन बसले. मी सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांच्या शेजारी पान घेतलं. वाढपी मीठ घेऊन आला आणि त्यांचं पथ्य ठाऊक असल्यानं त्यांना ओलांडून जायला लागला. मी त्याला थांबवलं. "वाढ त्यांना." आणि वैद्यबाबांना म्हटलं, "बाबा, संपलं आता पथ्य. अण्णांनी सोडवलं तुम्हाला. खा."

त्यांनी ताटाच्या कोपऱ्यातल्या त्या मिठाकडं बघितलं. दोन कण बोटावर घेऊन जिभेला लावले. डोळे भरून आले, तोंड वाकडं झालं. "लई खारट लागतंय गं पोरी," म्हणाले. मला हसूही आलं आणि रडूही. इतक्या वर्षांनी माणूस मीठ खातोय, असं वाटून मला बरं वाटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला, उचलला.

आणि तोंडाशी नेता नेता माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. माझ्या पायांकडं बघितलं. आठवडाभर उभं राहून सुजलेत, असं मी सगळ्यांना सांगत होते. तुकडा खाली ठेवून त्यांनी डावा हात पुढं केला आणि, पहिल्या दिवशी धरलं होतं तसं, न विचारता माझं मनगट धरलं. डोळे मिटले. पंगतीत गलका चालू होता, कुणी डाळ मागत होतं, कुणी पाणी. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते.

"हाय," ते म्हणाले. "हाय..." मग थांबले. मग पुन्हा, "हाय."

"बाबा?" मी म्हटलं.

 माझं मनगट तसंच धरून त्यांनी उजव्या हाताच्या बोटानं माझ्या ताटातलं मीठ हळूच बाहेर लोटलं. आणि मग आपल्या ताटातलंही.